काचेवरची अंडी फुटतात, पिलं जातात कुठे?

गोड्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याला चिंता असते ती गोगलगायी कमी कशा करायच्या याची. बाजारातून आणलेल्या एखाद्या पाणवनस्पतीला चिकटून दोन आल्या, की थोड्याच महिन्यांत वाळूत, काचेवर, फिल्टरच्या आत, जिकडेतिकडे त्याच. मलेशियन ट्रम्पेट म्हणून ओळखली जाणारी लांबोडकी गोगलगाय तर नराशिवायच वंश वाढवते आणि अंडी न घालता थेट कवचवाली पिलं देते. खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी ठेवणाऱ्याची तक्रार नेमकी उलट. टाकी साफ ठेवायला म्हणून पैसे मोजून ट्रोकस, टर्बो, नासारियस आणायच्या, त्या एकेक करून संपणार आणि पुन्हा नव्या आणायच्या. बरं, त्या अंडी घालत नाहीत असंही नाही. सकाळी दिवे लागल्यावर पुढच्या काचेवर पारदर्शक ठिपक्यांची वेडीवाकडी ओळ दिसते. टाकीवाला हरखतो, फोटो काढतो, भिंग घेऊन रोज बघतो. आठवडाभराने ठिपके रिकामे होतात. पिलू मात्र एकही सापडत नाही.

अंडी वांझ होती असं मग बरेच जण धरून चालतात. बहुतेक वेळा ती वांझ नसतात. पिलं बाहेर पडलेली असतात, फक्त ती डोळ्यांना दिसण्याएवढी मोठी नसतात आणि दिसण्याएवढी मोठी होण्याइतकी जगत नाहीत. त्यात टाकीवाल्याचा दोष क्वचितच असतो. सगळा मामला त्या जातीच्या बालपणाचा आहे. ज्या जातीच्या पिलाला उघडा समुद्र लागतो ती टाकीत वाढत नाही. ज्या जातीच्या पिलाला समुद्राची गरज नाही ती टाकीत इतकी माजते की हाताने वेचून काढावी लागते. तेव्हा काचेवर काही दिसलं, की ते कोणाचं आहे हे आधी ओळखायला हवं.

वळणावळणाच्या ओळीत चिकटवलेले चपटे, पारदर्शक कप्पे बहुधा नासारियसचे असतात. ही वाळूत गाडून घेऊन राहणारी, फक्त नळी बाहेर ठेवणारी आणि खाण्याचा वास आला की एकदम वर उसळणारी गोगलगाय. रात्री काचेवर चढून ती एकेक कप्पा चिकटवत जाते आणि प्रत्येक कप्प्यात अनेक अंडी असतात. सेरिथची तऱ्हा वेगळी. ती एक अखंड पांढरट दोरा घालते आणि तो इतक्या जवळजवळच्या वेटोळ्यांत काचेवर बसवते, की लांबून पाहणाऱ्याला तो डागच वाटतो. नेराइटची अंडी म्हणजे दगडांवर, काचेवर, इतकंच काय दुसऱ्या गोगलगायीच्या पाठीवरही चिकटलेले पांढरे तीळ. नखाने खरवडले तरी निघत नाहीत. त्याला कारण आहे. नेराइटची मादी खाताना पोटात गेलेले वाळूचे आणि सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांचे कण विष्ठेतून वेगळे करून एका खास पिशवीत साठवते आणि अंड्यांच्या आवरणात ते पक्के बसवते. काँक जातीची मादी वाळूत लांबलचक दोरा घालते, त्याला वाळूचे कण चिकटतात आणि एक ओबडधोबड गोळा तयार होतो. तो गोळा अंड्यांचा आहे हे कळायला वेळ लागतो. कवडीची मादी अंड्यांवर पाय पसरून बसून राहते. गोगलगायींमध्ये आईपणाचं इतकं उघड दर्शन दुर्मीळच.

फसवणारे पाहुणेही आहेत. काचेवर आणि पंपावर मिलिमीटर-दोन मिलिमीटरची पांढरी, कडक, चक्राकार वेटोळी दिसली तर ती अंडी नव्हेत आणि पिलंही नव्हेत. ते स्पायरॉर्बिस गटातले नळीकृमी. पाण्यातले कण गाळून खातात, कुणाला त्रास देत नाहीत. पांढऱ्या किंवा गुलाबी फितीची सुबक वेटोळी असतील तर ती कवच नसलेल्या समुद्री गोगलगायींची, म्हणजे न्यूडिब्रँकची असू शकतात. आणि ट्रोकसच्या किंवा मोठ्या टर्बोच्या कवचाच्या खाचेत चिकट, पारदर्शक थेंब दिसला तर मात्र सावध व्हायला हवं. त्याबद्दल पुढे.

ट्रोकस, टर्बो, अ‍ॅस्ट्रिया या शेवाळ खाणाऱ्या नेहमीच्या गोगलगायी काचेवर काहीच घालत नाहीत. नर आणि मादी आपापलं द्रव्य थेट पाण्यात सोडतात आणि फलन पाण्यातच होतं. दिवे मालवल्यावर किंवा पाणी बदलल्यावर एखादी ट्रोकस खडकाच्या किंवा काचेच्या सगळ्यात वरच्या टोकाला जाऊन थांबते, मान ताणते आणि तिच्या अंगातून दुधी रेषा निघू लागते. तो नर. त्याच्या द्रव्याचा सुगावा लागला की बाकीचे नर सुरू होतात, मग माद्या हिरवट कणांचे झोत सोडतात. पाणी काही वेळ गढूळ होतं, पाणी साफ करणाऱ्या स्किमरचा फेस उसळून भांडं भरून वाहतं. नवख्या माणसाला वाटतं टाकीत काहीतरी मेलं. लहान टाकीत एकाच वेळी अनेकींनी सोडलं तर अमोनिया थोडा वाढू शकतो, एवढी काळजी पुरे.

बाहेरून पाहून ट्रोकसचा नर कोणता आणि मादी कोणती हे सांगता येत नाही. इथे साधं गणित कामाला येतं. दोनच आणल्या तर दोन्ही एकाच लिंगाच्या निघण्याची शक्यता निम्मी. सहा आणल्या तर सगळ्या एकाच लिंगाच्या निघण्याची शक्यता ३२ मध्ये १. पैदास हवी असेल तर दोन-दोनच्या हिशेबाने खरेदी करण्यात अर्थ नाही, सहा-आठ एकदम आणाव्यात. दुसरी गोष्ट, अंडी सोडली म्हणजे टाकी उत्तम चालली आहे असं प्रमाणपत्र मिळालं, असं समजू नये. पाण्याचं तापमान अचानक बदललं, प्रवासात धक्के बसले, क्षारता वरखाली झाली, की याच गोगलगायी घाबरूनही सगळं सोडून देतात. दुकानातून आणल्याच्या पहिल्याच रात्री झालेला हा सोहळा बहुधा आनंदाचा नसतो. मत्स्यबीज केंद्रांतले लोक मुद्दाम तापमान बदलून हेच घडवून आणतात.

आता त्या सुमारे ०.२ मिलिमीटरच्या अंड्याचं पुढे काय होतं ते पाहू. ट्रोकसच्या बाबतीत अर्ध्या दिवसाच्या आसपास त्यातून ट्रोकोफोर नावाचा डिंभ, म्हणजे पोहणारं बालरूप, बाहेर येतो. कमरेभोवती सूक्ष्म केसांचा पट्टा, त्याच्या जोरावर गरगरत पोहणारा. मग त्याचा व्हेलिजर होतो. याला डोक्याजवळ केसांची झालर असलेले पंख फुटतात, इवलंसं कवच येतं, कवचाला झाकण येतं. या वयात एक विलक्षण घटना घडते. डिंभाचं अर्धं शरीर उरलेल्या अर्ध्यावर १८० अंशांत फिरतं. मागे असलेलं गुदद्वार आणि कल्ल्यांची जागा पुढे, डोक्याच्या वर येते. प्रौढ गोगलगायीचं सगळं शरीर या पिळाभोवती रचलेलं असतं. हा पीळ कशासाठी, यावर प्राणिशास्त्रज्ञ शंभर वर्षं भांडत आले आहेत. इंग्रज शास्त्रज्ञ वॉल्टर गार्स्टँग यांनी १९२८ मध्ये मांडलं, की फायदा प्रौढाचा नसून डिंभाचा आहे. पिळामुळे संकट आल्यावर डोकं आणि नाजूक पंख आधी कवचात ओढता येतात, पाय नंतर आत येतो आणि झाकण लागतं. हे त्यांनी निबंधात तर मांडलंच, शिवाय डिंभांवर चक्क विनोदी कविता लिहिल्या. त्यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर, १९५१ मध्ये निघाला आणि प्राणिशास्त्राचे विद्यार्थी अजून तो वाचतात. गार्स्टँग यांचा सिद्धांत पुरता सिद्ध झाला असं म्हणता येणार नाही, पण गोगलगायीला समजून घ्यायचं तर तिच्या डिंभाकडे बघा हा त्यांचा आग्रह टाकीवाल्यांनीही ऐकण्यासारखा आहे.

कारण इथून पुढे वाटा फुटतात. ट्रोकसच्या डिंभाला आईने अंड्यातच शिदोरी दिलेली असते. त्याला खायची गरज नसते. तीन-चार दिवस पोहायचं, बरी जागा सापडली की पंख टाकून द्यायचे आणि रांगायला लागायचं. नासारियस, बहुतेक नेराइट आणि काँक यांच्या डिंभाला मात्र शिदोरी अपुरी मिळते. त्याने समुद्रात तरंगत वनस्पती प्लवक खायचं, आठवडेच्या आठवडे वाढायचं आणि मगच तळ गाठायचा. कॅरिबियन समुद्रातल्या राणी काँकची मादी एका गोळ्यात काही लाख अंडी घालते. पाचएक दिवसांत डिंभ बाहेर पडतात आणि तीन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ पाण्यात तरंगतात. तिसऱ्या वाटेच्या जाती डिंभाची अवस्था अंड्याच्या कप्प्यातच उरकून घेतात आणि कप्प्यातून बाहेर येते ती आईची छोटी नक्कल, पहिल्या दिवसापासून रांगणारी. यातल्या काहींच्या कप्प्यात सगळी अंडी पिलं होण्यासाठी नसतातच. उत्तर अटलांटिकमधल्या वेल्क या मोठ्या गोगलगायीच्या एकेका कप्प्यात शेकड्यांनी अंडी असतात, त्यांतली मोजकी वाढतात आणि उरलेली अंडी खाऊनच मोठी होतात. या वेल्कच्या रिकाम्या कप्प्यांचे गोळे किनाऱ्याला लागतात आणि जुन्या काळी खलाशी त्यांनी अंग घासत.

दूरचा प्रवास करणाऱ्या डिंभांची मजल थक्क करणारी आहे. अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या रुडॉल्फ शेल्टेमा यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत भर अटलांटिकमध्ये जाळ्या ओढल्या. तेव्हा किनाऱ्यावरच्या उथळ पाण्यातल्या गोगलगायींचे डिंभ त्यांना महासागराच्या मध्यभागी सापडले. काही जाती डिंभावस्थेतच हा किनारा ते तो किनारा पार करतात. उत्तर पॅसिफिकमधल्या फ्युझिट्रायटन ओरेगोनेन्सिस या जातीचा डिंभ तर प्रयोगशाळेत साडेचार वर्षं पोहत राहिला आणि त्यानंतर प्रौढाच्या वाटेला लागला, अशी नोंद २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. डॅनिश शास्त्रज्ञ गुन्नार थॉरसन यांनी १९५० मध्येच दाखवून दिलं होतं, की उष्ण समुद्रांत तरंगते डिंभ सोडणाऱ्या जातींचं प्रमाण जास्त, ध्रुवांकडे जावं तसं ते कमी. याला पुढे अपवाद बरेच निघाले, पण ढोबळ चित्र टिकून आहे. प्रवाळांच्या टाकीसाठी आपण आणतो त्या जाती उष्ण समुद्रातल्या. म्हणजे ज्यांची पिलं घरात वाढणं अवघड, त्यांचाच भरणा आपल्या खरेदीत जास्त.

तीन आठवडे तरंगायचं असलेल्या डिंभाला टाकीत काय भेटतं याचा विचार करा. वरून खाली पडणारं पाणी संपमध्ये, म्हणजे टाकीखालच्या दुसऱ्या भांड्यात जातं, तिथे १०० ते २०० मायक्रॉनची गाळणीची पिशवी. डिंभ साधारण त्याच आकाराचा. तिथून सुटला तर स्किमर, जो पाण्यातलं सेंद्रिय द्रव्य फेसात पकडून बाहेर काढतो. त्यापुढे पंपाचं फिरतं पातं आणि काहींकडे अतिनील दिवा. या सगळ्यातून वाचून परत वर आला तर मासे आहेत, खेकडे आहेत. आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ती प्रवाळंही आहेत. प्रवाळ म्हणजे मुळात हजारो तोंडांचा प्राणी, रात्री हात पसरून प्लवक पकडणारा. शिवाय खायला काय? चांगल्या टाकीचं पाणी स्वच्छ असतं, त्यात वनस्पती प्लवक जवळजवळ नसतंच. नासारियसची अंडी काचेवरून काढून टाकावीत का, असं लोक विचारतात. काही गरज नाही. तुमच्या प्रवाळांना मिळालेलं ते फुकटचं ताजं जेवण आहे.

उलट ज्यांचं बालपण आखूड त्यांचा इथे बोलबाला. स्टोमाटेला ही चपट्या, कानाच्या आकाराच्या कवचाची गोगलगाय कुणी विकत आणत नाही, ती खडकाबरोबर येते. रात्री खडकाच्या शेंड्यावर जाऊन द्रव्य सोडते, तिचे डिंभ लवकर तळाला बसतात आणि काही महिन्यांत टाकीभर स्टोमाटेला होतात. धरायला गेलं तर पायाचं मागचं टोक तोडून टाकून पळते. ही माझ्या मते टाकीतली सर्वांत गुणी गोगलगाय आहे, आणि तिला उपद्रवी समजून काढणाऱ्यांची कीव येते. पाच मिलिमीटरच्या आसपासची कोलोनिस्टाही अशीच. तिची गोल पिलं पाहून आपल्या टर्बोला पिलं झाली म्हणून पेढे वाटणारे खूप. महिने गेले तरी ती वाढत नाहीत, तेव्हा कळतं की ती पिलं नव्हतीच, पुरती वाढलेली दुसरीच जात होती. खुजी सेरिथ आणि कोलंबेला कुळातल्या काही छोट्या गोगलगायी कप्प्यातून थेट रांगती पिलं काढतात. या कोलंबेला व्यापारात बरेचदा स्ट्रॉम्बस या चुकीच्या नावाने विकल्या जातात. सुरुवातीला चार आणल्या तर त्या पुरतात, पुन्हा खरेदी करावी लागत नाही.

हाच नियम नको असलेल्यांनाही लागू होतो. व्हर्मेटिड ही नळीत कायमची चिकटून बसणारी गोगलगाय पाण्यात चिकट धाग्यांचं जाळं सोडून अन्न पकडते आणि ते धागे शेजारच्या प्रवाळांना त्रास देतात. ती अंडी नळीतच सांभाळते, आणि ज्या जातींची पिलं रांगतच बाहेर येतात त्या टाकीत हां हां म्हणता पसरतात. पिरॅमिडेलिड या तांदळाच्या कणीहूनही बारीक पांढऱ्या गोगलगायी राक्षसी शिंपल्यांचं आणि टर्बो-ट्रोकसचं अंगद्रव शोषून जगतात. कवचाच्या खाचेतला तो चिकट पारदर्शक थेंब त्यांच्या अंड्यांचा. राक्षसी शिंपल्यांची पैदास करणाऱ्या केंद्रांना त्यांनी फार पूर्वीपासून हैराण केलं आहे. रात्री विजेरी घेऊन पाहायचं, दिसतील त्या वेचायच्या आणि जुन्या टूथब्रशने कवच घासून अंडी काढायची, हाच खात्रीचा उपाय.

एखादी जात यांपैकी कोणत्या वाटेची, हे बरेचदा तिच्या कवचावरच लिहिलेलं असतं. गोगलगाय कवच टाकून नवं घेत नाही, जुन्यालाच कडेने जोडत जाते. त्यामुळे कवचाच्या अगदी टोकाला तिचं बालपणीचं कवच जसंच्या तसं राहतं. भिंगातून पाहिलं आणि टोकाला बारीक, बरेच वेढे दिसले तर ती डिंभ म्हणून दीर्घकाळ पाण्यात हिंडली. टोक जाड, गोलसर आणि एक-दीड वेढ्यात संपणारं असेल तर तिला आईची शिदोरी भरपूर मिळाली. जीवाश्मांचा अभ्यास करणारे याच टोकांवरून कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या जातींचं बालपण ओळखतात. झिजलेल्या कवचांत ही खूण उरत नाही, एवढीच अडचण.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण आपल्या देवघरात असतं. पूजेचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम, तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात आणि आसपास वाळूत राहणारी मांसाहारी गोगलगाय. तिची मादी चपट्या कप्प्यांची पिळदार चवड वाळूत रोवते आणि कप्प्यांतून बाहेर पडतात ते रांगते बालशंख. तरंगता डिंभ नाहीच. म्हणून या शंखाच्या टोकाला मोठी, गोल गुंडी असते. अभिषेकाच्या शंखावर ती पाहता येते. वाजवायच्या शंखावर नाही, कारण फुंक मारण्यासाठी कापतात तो नेमका हाच भाग. मद्रासच्या मत्स्य खात्यातले जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ मध्ये या शंखावर ‘द सेक्रेड चँक ऑफ इंडिया’ हे अख्खं पुस्तक लिहिलं. शंखाची ठेवण किनाऱ्याच्या भागागणिक बदलते हे त्यांनी नोंदवलं आहे. पिलं जन्मल्या जागेपासून लांब जात नाहीत म्हटल्यावर प्रत्येक आखाताची ठेवण वेगळी पडणारच. असा प्राणी एका ठिकाणी जास्त पकडला गेला तर दुसरीकडून डिंभ वाहत येऊन ती जागा भरत नाहीत, हेही त्यातच आलं.

आता घरी मुद्दाम पैदास करायची असेल तर? नवख्याने ट्रोकसपासून सुरुवात करावी असं मी म्हणेन. डिंभाला खायला घालायचं नाही आणि मामला चार दिवसांत आटोपतो, ही तिची मोठी जमेची बाजू. १९८० च्या दशकात पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवर जेराल्ड हेस्लिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या ट्रोकसची पैदास अगदी साध्या साधनांनी बसवली. त्यामागे व्यवहार होता. ट्रोकसच्या शिंपलीपासून शर्टाची चमकदार बटणं बनत. त्यापायी जपान्यांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वी ही गोगलगाय मायक्रोनेशियातल्या अनेक बेटांवर नेऊन सोडली होती. प्लास्टिकच्या बटणांनी तो धंदा मंदावला, तरी बेटांवरच्या लोकांना ट्रोकस उत्पन्न देत राहिली आणि उपसाही होत राहिला.

घरी एवढा पसारा लागत नाही. ट्रोकस द्रव्य सोडायला लागल्या की त्यांना टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत घ्यावं, सोडून झाल्यावर परत टाकीत. बादलीतल्या अंड्यांवरचं गढूळ पाणी अलगद बदलत जावं, कारण नराचं द्रव्य जास्त झालं तर अंडी कुजतात. हवेचा अगदी मंद बुडबुडा पुरे. खरी तयारी आधीची असते. डिंभ कुठेही बसत नाही, त्याला जागेची ओळख पटावी लागते. कॅलिफोर्नियातल्या डॅनियल मोर्स आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की अ‍ॅबेलोन या नातेवाईक गोगलगायीचा डिंभ गाबा या रसायनाच्या स्पर्शाने तळाला बसतो आणि रूप पालटतो. गाबा आपल्या मेंदूतही असतं. समुद्रात असाच इशारा त्याला गुलाबी, चुनखडी शेवाळाच्या पृष्ठभागावर मिळतो. म्हणून काही आठवडे टाकीत ठेवून तपकिरी थर आणि गुलाबी शेवाळ चढलेल्या फरश्या किंवा खडकाचे तुकडे बादलीत आधीच ठेवावेत. कोऱ्या, चकचकीत भांड्यात डिंभ पोहत राहतात आणि शिदोरी संपली की मरतात. एवढा उपद्व्याप नको असेल तर त्या रात्री स्किमर आणि संपचा पंप काही तास बंद ठेवा, गाळणीची पिशवी काढा. मासे कमी असलेल्या टाकीत काही डिंभ आपोआप तग धरतात.

नासारियस किंवा काँक वाढवायची तर मुक्काम लांबचा आहे. आयसोक्रायसिससारखं सूक्ष्म शेवाळ घरात रोज वाढवायचं, डिंभांचं भांडं वेगळं ठेवायचं, बारीक चाळणीतून गाळून पाणी बदलायचं, आणि हे कित्येक आठवडे न चुकता. टर्क्स आणि केकॉस बेटांवर १९८० च्या दशकात राणी काँकची पैदास व्यापारी पातळीवर सुरू झाली ती पगारी माणसं ठेवून. हौशी माणसाने करू नये असं नाही, पण शेवाळ वाढवण्याचीच हौस आधी असायला हवी. याउलट बर्गिया ही कवच नसलेली गोगलगाय अगदी घरगुती. एप्टेशिया या उपद्रवी अ‍ॅनिमोनीशिवाय ती काही खात नाही, प्रत्येक प्राणी नरही असतो आणि मादीही, त्यामुळे कोणत्याही दोन पुरतात. पांढऱ्या वेटोळ्यातली अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि डिंभ खाल्ल्याविना काही दिवसांत तळाला लागतात. अडचण एकच, तिच्यासाठी एप्टेशिया वाढवावी लागते, जी इतर सगळे मारत असतात.

आपल्याकडे आणखी एक बाजू आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश झाला, आणि काही शंखशिंपल्यांचाही. मोठी ट्रोकस आणि मोठी हिरवी टर्बो त्यात आहेत, ज्या अंदमान-निकोबारच्या समुद्रातून बेसुमार काढल्या जात होत्या. तेव्हा मुंबईच्या दुकानात किंवा कोकणाच्या खडकाळ किनाऱ्यावर दिसेल ती गोगलगाय उचलून टाकीत टाकणं बरं नाही, जात कोणती हे विचारायला हवं. थंड समुद्रातल्या जातीही उष्ण टाक्यांसाठी सर्रास विकल्या जातात. उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची मार्गारिट्स २६ अंशांच्या पाण्यात हळूहळू मरते आणि घेणाऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं.

घरी काढलेली पिलं तळाला बसल्यावर सुरुवातीचे महिने ती काचेवरचा तपकिरी थर खाऊन वाढतात, म्हणून मागची काच घासू नये. टाकीतल्या माशांना तांब्याचं औषध कधीही देऊ नये, ते गोगलगायींना जहर आहे. मासा आजारी पडला तर त्याला वेगळ्या भांड्यात काढूनच औषध द्यावं. क्षारता ३५ च्या आसपास स्थिर ठेवावी. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात चिलर नसेल तर पाणी ३० अंशांच्या वर जातं आणि बाष्पीभवनाने क्षारही वाढतात, तेव्हा रोज आरओचं गोडं पाणी भरत राहावं. पिलं दिवसा खडकांच्या फटीत असतात, मोजायची तर दिवे मालवल्यावर तासाभराने लाल उजेडाची विजेरी घेऊन बघावं. सेंटिमीटरभर झाली की संन्यासी खेकडे नसलेल्या टाकीवाल्या मित्राला खुशाल द्यावीत. जिथे हे खेकडे आहेत तिथे आधी मोठ्या मापाची रिकामी कवचं टाकायला सांगावं, नाहीतर घर बदलण्यासाठी ते पिलालाच मारून त्याचं कवच घेतात.